दीड आटा

बजाज चेतकचे उजवे पॅनेल काढले की इंजिनावर एक चपटा डबा दिसतो. कार्ब्युरेटर त्याच्या पोटात बसवलेला असतो. डब्याच्या मागच्या अंगाला एक भोक असते. त्यातून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घालायचा, मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्यायचा आणि साधारण दीड आटा बाहेर काढायचा. पुढचे काम कानाचे. इंजिन गरम झाल्यावर स्क्रू पाव-पाव आटा इकडेतिकडे करायचा, रेस सगळ्यांत वर चढते ती जागा पकडायची, मग वरच्या दुसऱ्या स्क्रूने रेस खाली आणायची. आकुर्डी, चिंचवड, भोसरी, कासारवाडीतल्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांनी या कामावर घरे चालवली.

गॅरेजात याला ट्यूनिंग म्हणतात. या कसबाचे मूळ पुरुष जर्मन आणि हंगेरियन, आजोळ इटलीतले, आणि अमेरिकेत त्याचे एक श्रीमंत, उधळे चुलतघराणे. पिंपरी-चिंचवडला ते आले तेव्हा त्याचा कुळाचारच बदलला, आणि मला सांगायचे आहे ते या बदलाबद्दल.

अगदी पहिल्या मोटारींत पेट्रोलची वाफ करण्याची सोय ओबडधोबड होती. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा ओढून घ्यायची आणि ती जेवढी वाफ उचलेल तेवढी इंजिनात जाऊ द्यायची. दिवस थंड असला की वाफ कमी, रस्ता खडबडीत असला की पेट्रोल डचमळून वाफ जास्त. १८९३ च्या सुमारास दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी यावर तोड निघाली. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, तर जर्मनीत डाइमलरचा सहकारी विल्हेल्म मेबॅक याने फवारा मारणारा कार्ब्युरेटर केला. तत्त्व आजही तेच आहे. हवेची वाट एका जागी अरुंद करायची. तिथे हवा वेग घेते आणि तिचा दाब पडतो. त्या जागी बारीक भोकाचे पितळी जेट ठेवले की बाहेरच्या जास्त दाबाने पेट्रोल आपणहून वर चढते आणि हवेत फवारले जाते. जेटमागच्या वाटीत पेट्रोलची पातळी कायम राहावी म्हणून एक फ्लोट. वाटी भरली की तो वर येऊन नीडल बंद करतो.

इतके साधे, हुशार आणि पूर्णपणे आंधळे यंत्र विरळाच. कार्ब्युरेटरला फक्त ओढ कळते. हवा गरम आहे की गार, गाव समुद्रकाठी आहे की घाटमाथ्यावर, पेट्रोल चोख आहे की भेसळीचे, यांतले त्याला काहीही कळत नाही. पेट्रोल पूर्ण जळायला वजनी मापाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. हा आकडा गाठायचा तर आंधळ्याशेजारी कोणीतरी डोळस माणूस हवा. मेकॅनिकाची गरज यंत्राच्या या उणिवेतून निर्माण झाली.

ठिणगीची वंशावळ वेगळी. १८९७ मध्ये रोबर्ट बॉशने मोटारीच्या इंजिनाला, तीनचाकी द दियों गाडीवर, मॅग्नेटो बसवून दाखवला. १९०२ मध्ये त्याच्याकडच्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी जमवली. पलीकडे ओहायोत चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट असे संच तयार करून ते १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांना पुरवले. पॉइंट म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर उघडणारी धातूच्या दोन टिकल्यांची जोडी. ती उघडली की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगवर ठिणगी पडते. म्हणजे पॉइंट कधी उघडतो त्यावर ठिणगी कधी पडणार हे ठरते.

ती वेळ महत्त्वाची का, याचा हिशेब तोंडी होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरतो. ज्वाळेला दट्ट्यावर पुरता दाब आणायला एक-दोन मिलिसेकंद लागतातच. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. फेरे दुप्पट झाले की त्याच मिलिसेकंदात क्रँक ३६ अंश सरकतो, म्हणजे ठिणगी आणखी आधी हवी. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत यासाठी स्टिअरिंगखाली एक दांडीच दिली होती. चालवणाऱ्याने वेग बघून ती खालीवर करायची. पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये स्प्रिंग लावलेली वजने आली. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि टायमिंग आपोआप पुढे नेतात.

आता त्या चुलतघराण्याकडे. १९६४ मध्ये पॉन्टिअॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंची व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ काढली. हवा असल्यास त्यावर तीन कार्ब्युरेटर मिळत. अमेरिकेत मसल कार म्हणतात त्या गाड्यांचा काळ येथून सुरू झाला असे सहसा मानतात. पुढे क्रायस्लरचे ४२६ घनइंची हेमी आले. त्या एका इंजिनाच्या पोटात चेतकची अठ्ठेचाळीस इंजिने मावली असती. तिथली पोरे शनिवारी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरमधल्या स्प्रिंगा बदलत, टायमिंग लाइट लावून सगळा अॅडव्हान्स ३५ अंशांच्या आसपास आणत, कार्ब्युरेटरची जेट मोठी करत. त्यांना हवा-पेट्रोलचे प्रमाण साडेबारा-तेरापर्यंत खाली आणायचे होते, कारण सर्वांत जास्त ताकद तिथे मिळते. पेट्रोल थोडे वाया जाई. ते इतके स्वस्त होते की कोणी हिशेब ठेवत नसे.

आपल्याकडे क्रायस्लर येऊन गेली होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जोडणी सुरू केली होती. पण तो संसार टिकला नाही. प्रीमियर फियाटकडे वळली आणि मुंबईच्या टॅक्सीत आयुष्य काढणारी पद्मिनी पुढे आली. अमेरिकी दांडगाई या मातीत रुजली नाही. रुजली ती इटालियन काटकसर.

१९४५ मध्ये स्थापन झालेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून इटलीतून व्हेस्पा आणून विकत होती. १९५९ मध्ये सरकारने दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना दिला, पुढे कंपनी बजाज ऑटो झाली आणि पियाज्योच्या तांत्रिक साहाय्याने आकुर्डीला कारखाना उभा राहिला. स्कूटरबरोबर तिचा कार्ब्युरेटरही आला. त्याची घडण मिलानजवळच्या सेरेन्यो गावच्या देल्लोर्तो कंपनीची. या घडणीचे कार्ब्युरेटर पुढे इथेच होऊ लागले. स्पाको हे नाव त्यांच्या अंगावर कोरलेले जुन्या गिऱ्हाइकांना आठवत असेल. १९७१ मध्ये पियाज्योचा करार संपला, १९७२ मध्ये चेतक आली, पण पोटातला तो चपटा डबा तसाच राहिला.

 

इटालियन यंत्र आकुर्डीत आले तेव्हा त्याची गाठ वेगळ्याच गिऱ्हाइकाशी पडली. चेतकसाठी नंबर लावून लोक दहा-दहा वर्षे थांबत. मुलीच्या जन्माला बुक केलेली स्कूटर ती शाळेत जाऊ लागल्यावर दारात यायची. अशी गाडी कोणी पळवायला घेत नाही. ती टिकली पाहिजे आणि तिने अॅव्हरेज दिले पाहिजे. अॅव्हरेज या शब्दाला मेकॅनिकाच्या टपरीवर दुसरा अर्थच नव्हता. गिऱ्हाईक येऊन पहिले वाक्य म्हणे, “पंचेचाळीस देत होती, आता चाळीसच देते.” मग स्क्रू फिरे तो लीनच्या, म्हणजे पातळ मिश्रणाच्या दिशेने, पंधरा-सोळाच्या प्रमाणाकडे. अमेरिकेतल्या पोराने हाच स्क्रू उलट्या दिशेने फिरवला असता. एका स्क्रूची ही दोन टोके दोन समाजांची आहेत, असे मला फार दिवस वाटत आले आहे. तिकडे ट्यूनिंग म्हणजे पाव मैलात किती सेकंद वाचले, इकडे महिनाअखेर किती रुपये वाचले.

पण या काटकसरीला मर्यादा होती आणि ती प्लग सांगे. प्लग काढून टोक बघायचे. बिस्किटाच्या रंगाचे असले तर बरे चालले आहे. काळे, काजळीचे असले तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरे पडले असेल तर मेकॅनिक गिऱ्हाइकाकडे रागाने बघे, कारण त्याने किंवा त्याच्या मेव्हण्याने अॅव्हरेजच्या हावरेपणापायी स्क्रू फारच आत नेलेला असे. चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल मिळते ते पेट्रोलातूनच. पेट्रोल कमी केले की ऑइलही कमी होते, वर लीन मिश्रण तापते, आणि एक दिवस देहूरोडच्या चढावर पिस्टन जाम होतो. अॅव्हरेजने वाचवलेले पैसे मग बोअर करण्यात जात.

पॉइंटचे काम त्याहून किचकट. चेतकमध्ये टायमिंग पुढे नेणारी वजने वगैरे काही नाही. दट्ट्या माथ्यावर येण्याच्या वीसेक अंश आधी ठिणगी पडणार, मग गाडी चौकात उभी असो की महामार्गावर पळत असो. एकच वेळ सगळ्या वेगांना चालवायची, म्हणून ती नेमकी लागे. फ्लायव्हीलच्या खिडकीतून फिलर गेज घालून पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मिमी करायचा. टिकल्या काळवंडल्या असतील तर पॉलिश पेपरने घासायच्या. नेमका उघडण्याचा क्षण पकडायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद टिकल्यांत धरत. फ्लायव्हील हळूहळू फिरवायचे, कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. खूण जुळली नाही तर मॅग्नेट पुलरने काढून आतली प्लेट किंचित फिरवायची. महागड्या टायमिंग लाइटचे हे काम फुकटच्या कागदाने होई.

गंमत अशी की पॉइंट बिघडतो तो कोणाला न कळता. कॅमवर घासणारी त्याची फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग रोज केसभर मागे जाते. मालकाला एवढेच जाणवते की गाडी पूर्वीसारखी उचलत नाही. तो बिचारा समजतो, जुनी झाली. फिलर गेजची एक पट्टी तिला पुन्हा तरुण करे, आणि मेकॅनिकाच्या हाताला गुण आहे अशी ख्याती पसरे. या धंद्यातल्या निम्म्या चमत्कारांचे मूळ त्या झिजलेल्या टाचेत आहे.

याच घराण्यातली आणखी एक चाल साऱ्या देशाने पाहिली आहे. सकाळी किक मारण्याआधी स्कूटर बाजूला आडवी करायची आणि मग उभी करायची. सासरे जावयाला शिकवत, शिक्षक शिपायाला. पुष्कळांना ती रूढी वाटे, पण तिच्यामागे कारण आहे. रात्रभरात वाटीतले पेट्रोल थोडे उडून जाते आणि थंड इंजिनाला नेहमीपेक्षा दाट मिश्रण लागते. गाडी आडवी झाली की फ्लोटची बैठक बिघडते, नीडल उघडी पडते आणि जास्तीचे पेट्रोल आत येते. चोक ओढून हेच साधते. चोकची वायर तुटलेली किंवा गंजलेली असे, म्हणून सगळी स्कूटरच चोक म्हणून वापरली जाई.

कार्ब्युरेटरच्या आंधळेपणाची खरी परीक्षा सहलीला होई. चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. तिथे हवा मुंबईपेक्षा आठव्या हिश्श्याने विरळ. जेट मात्र पेट्रोल सोडताना हात फारसा आखडत नाही. मिश्रण दाट होते, प्लग काळा पडतो आणि वेण्णा तलावाशी पोचेपर्यंत गाडी मिसिंग मारू लागते. जाणते लोक डिकीत प्लगपाना आणि एक जादा प्लग ठेवत. त्यात पेट्रोलमधली रॉकेलची भेसळ. रॉकेल मिसळले की पेट्रोल दाबाखाली आपसूक, अवेळी पेट घेते आणि इंजिन टकटक ठोकू लागते. उपाय दोन: पंप बदला, नाहीतर टायमिंग थोडे मागे घ्या. पंप बदलणे प्रत्येक गावात शक्य नव्हते. म्हणून भेसळ करणाऱ्याच्या पापाची भरपाई मेकॅनिक प्लेट फिरवून करत असे.

मग धूर तपासणारे पीयूसी आले आणि स्क्रूला तिसरा धनी मिळाला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आयडलिंगला दुचाकी-तीनचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांच्या आत हवा असे. आयडलिंगचे मिश्रण तर याच स्क्रूच्या हातात. पीयूसीच्या गाडीजवळ थांबून स्क्रू आत न्यायचा, चिठ्ठी घ्यायची आणि कोपऱ्यावर वळून पुन्हा बाहेर काढायचा, हा प्रकार नियमाइतकाच जुना आहे. खरे दुखणे स्क्रूच्या आवाक्याबाहेरचे होते. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा मोठा हिस्सा न जळताच धुरांड्यातून निघून जातो, त्याला कोणताही कान पुरा पडत नाही. १९९६ आणि २००० च्या कडक नियमांनी टू-स्ट्रोकची वाट अडवली. गाड्या पास-नापास करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे.

आणि इथे कथेचा काटा फिरतो. पिंपरी-चिंचवडच्या ज्या पट्ट्याने मेकॅनिकाच्या हाताला काम दिले, त्यानेच ते हळूहळू काढून घेतले. आधी टायमिंग गेले. चेतकलाही पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि सिगारेटचा कागद कचऱ्यात गेला. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली. २००३ मध्ये तिला दोन प्लग मिळाले. ज्वाळा दोन टोकांकडून निघाली की तिला अंतर निम्मे उरते, ती लवकर पोचते, म्हणजे ठिणगी फार आधी टाकावी लागत नाही. ती केव्हा टाकायची हे मायक्रोप्रोसेसर फेरे आणि थ्रॉटल बघून ठरवू लागला. टायमिंगची प्लेट फिरवायची सोयच उरली नाही. २००७ मध्ये या दोन प्लगांवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात पेटंटचा वाद पेटला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टपरीवर फुकट मिळणारे ज्ञान आता वकिलांच्या फायलीत जाऊन बसले.

कार्ब्युरेटर मात्र चिवट निघाला. २००७ मध्ये पल्सर २२० फ्युएल इंजेक्शन घेऊन आली आणि दोनच वर्षांत बजाजने तीच गाडी पुन्हा कार्ब्युरेटर लावून विकायला काढली, स्वस्त आणि वेगवान म्हणून. मोठे यश दुसरीला मिळाले. तोवर चाकणला जपानच्या केहिनच्या भागीदारीतल्या केहिन-फाय कारखान्यात कार्ब्युरेटर बनत होते. अखेर १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झाले. आता धुरांड्यात ऑक्सिजन सेन्सर, हवेच्या तापमानाचा सेन्सर, दाबाचा सेन्सर. आंधळ्याच्या जागी डोळस यंत्र आले आणि शेजारच्या माणसाची गरज संपली. तरीही बजाजने आपल्या स्वस्त गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा ई-कार्ब वापरला. आकुर्डीची काटकसर अशी सहजासहजी सुटत नाही.

नावे मात्र मागे राहतात. मर्सिडीजच्या चाकण कारखान्यात २०२२ पासून मेबॅक एस ५८० ची जोडणी होते. फवाऱ्याचा कार्ब्युरेटर करणाऱ्या विल्हेल्मचे ते आडनाव, आणि त्या गाडीत कार्ब्युरेटरचा मागमूस नाही. आकुर्डीतून बाहेर पडणारी नवी चेतक विजेवर चालते. तिला पेट्रोलच लागत नाही.

जुनी चेतक सांभाळणारे अजून पुष्कळ आहेत. पुण्याच्या नाना पेठेत पॉइंट, कंडेन्सर, जेट मिळतात, माल बघून घ्यावा लागतो इतकेच. आणि या मंडळींपुढे नवा प्रश्न पंपावरूनच आला आहे. २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल सर्वत्र मिळू लागले. त्यातले काही आपल्याच उसाचे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. चौदा पूर्णांक सातचा आकडा त्यामुळे साडेतेराच्या आसपास खाली येतो. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. देल्लोर्तोच्या जेटला हे कळण्याचा संभव नाही. ते जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडते, गाडी लीन चालते, तापते, प्लग पांढरा पडू लागतो. जुने रबरी वॉशर आणि पेट्रोलची नळीही इथेनॉलने फुगते, ती आधी बदलावी. मग मेन जेट एक नंबर मोठे घालावे, मिक्श्चरचा स्क्रू पाव आटा आणखी बाहेर काढावा आणि दहा-बारा किलोमीटर चालवून प्लग उघडून बघावा. साध्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरची मोटरसायकल असेल तर लक्षात ठेवायचे की तिथला स्क्रू हवेचा असतो. तो बाहेर काढला की मिश्रण पातळ होते, म्हणून फिरवायचा उलट.